बसलेली सून



"आमची सून कधी बसलेली दिसायची नाही." हे वाक्य मी मंदिरात, लग्नाच्या पंगतीत, फोनवर किती वेळा बोलले असेन! कौतुकानेच बोलत होते. त्या कौतुकाची किंमत काय होती ते या एप्रिलमध्ये कळलं, म्हणून आज लिहायला बसले.

माझी सून बँकेत आहे. दिवाळीनंतर ह्यांची बायपास झाली. दवाखान्यातल्या रात्री तिने आणि मुलाने वाटून घेतल्या, पण सकाळचं पाणी गाळणं, डबे, औषधांच्या वेळा तिच्याकडेच राहिल्या. तेवढ्यात नातवाची दहावी आली, आणि ती संपते न संपते तोच मार्च एंड. आमच्याकडे रात्रीचं जेवण नाही, त्यामुळे सूर्यास्ताआधी ती टेबलावरच डबा उघडायची, तोही एका हातात पेन धरून. ३१ मार्चला घरी आली तेव्हा साडेदहा वाजले होते. १ एप्रिलला ग्राहकांना बँक बंद, पण आतला हिशेब चालूच. असे पाच महिने गेले.

मग तिने चार दिवस रजा घेतली. मी म्हटलं, "आता आराम कर गं." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बघते तर शिडी लावून माळा साफ करायला चढलेली! मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच दुपारी दूध तापत ठेवून ओट्याला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. दूध उतू गेलं, गॅस विझला. वास आला म्हणून मी धावले, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. ती दचकून जागी झाली आणि पहिलं काय बोलली? "आई, चुकलं माझं."

झोप लागली म्हणून माफी! एकेचाळीस वर्षांची बाई, तिच्या हाताखाली चार माणसं काम करतात, आणि सासूसमोर डुलकी लागली म्हणून तिचा चेहरा उतरलेला. ही भीती तिला मी शिकवली. शिव्या देऊन नाही, कौतुक करून. मलाही कधी कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. सासूबाईंची पितळी भांडी पुढे द्यावीत तसं तेही मी पुढे दिलं.

बी.कॉम. होऊन मला चाळीस वर्षं झाली, पण घसारा अजून आठवतो. यंत्र वापरलं की झिजतं, म्हणून दरवर्षी त्याची झीज खर्चात धरायची. नाही धरली तर वहीत नफा फुगलेला दिसतो आणि भांडवल आतून संपत जातं. आपल्या घरांत बाईचा घसारा कुणी धरतच नाही. घर छान चाललंय म्हणतो आपण, तो फुगलेला नफा असतो.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आराम म्हणजे प्रमादच की. माझ्या एका मैत्रिणीने म्हटलंच. तत्त्वार्थसूत्रात प्रमाद बंधाच्या कारणांत आहे आणि प्रमादाच्या पंधरा भेदांत निद्राही मोजली आहे, हे मलाही माहीत आहे. पण प्रमाद म्हणजे असावधपणा. त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात असावधपणा कशाने झाला? विश्रांतीने, की ती न मिळाल्याने? पिठातली अळी, भाजीतली कीड, जमिनीवरची मुंगी बघायला डोळे उघडे लागतात, नुसते उघडे नव्हे, ताजे लागतात. दमलेला हात धान्य शोधत नाही, नुसतं चाळतो. आपल्या स्वयंपाकघरातली अहिंसा यत्नाचारावर उभी आहे, आणि यत्नाचार थकलेल्या शरीराकडून होत नाही. गरजेपुरती झोप मला तरी प्रमाद वाटत नाही.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की आराम तोंडाने देता येत नाही. "आराम कर" म्हणायचं आणि भांडी तशीच ठेवायची, तर बाई पडल्या पडल्या भांडीच मोजते. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना बसवलं. पाणी गाळणं मुलाकडे. वाळलेले कपडे आणि घड्या नातवाकडे, त्याला सुट्टीच होती. ह्यांच्या गोळ्या ह्यांनीच डबीत भरायच्या, हृदयाचं ऑपरेशन झालंय, हातांचं नाही. आणि मी काय करायचं? मी गप्प बसायचं. घडी वाकडी झाली तरी सुनेला हाक मारायची नाही. माझं काम सगळ्यात अवघड निघालं.

विश्रांती तिलाही लगेच जमली नाही. दुसऱ्या दिवशी ती अकरा तास झोपली आणि डोकं धरून उठली. तिसऱ्या दिवशी कारण नसताना रडली, मग मुलावर चिडली. मला वाटलं, बरी होती ती कामातच! पण थांबलं की साठलेला थकवा वर येतो, तो येऊ द्यावा लागतो. मी तिला सामायिकाला शेजारी बसवलं. अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी काही मागायचं नाही. दहा मिनिटांत ती दोनदा कुकरसाठी उठायला गेली, कुकर लावलेलाच नव्हता. चौथ्या दिवशी मात्र दुपारी पायरीवर बसून तिखटमीठ लावून कैरी खाल्ली आणि नातवाच्या कसल्याशा बोलण्यावर मोठ्याने हसली. ते हसणं मी दिवाळीपासून ऐकलं नव्हतं.

रजा संपली, बँक सुरू झाली. आता रविवारी दुपारी दोन ते चार तिच्या खोलीचं दार बंद असतं. ती झोपते की वाचते की नुसती छताकडे बघते, आम्ही विचारत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही नोकरी करणारी सून किंवा मुलगी असेल, तर तिला सल्ला देऊ नका, तिच्या हातातलं एक काम घ्या. आणि चारचौघींत तिचं कौतुक करताना शब्द जपून वापरा. ती ते ऐकत असते आणि तसं वागायला बघते.

गेल्या रविवारी तीन वाजता मला चहाची तलफ आली. हाक ओठांपर्यंत आली होती. मग उठले आणि माझा मीच केला. साखर जरा जास्त पडली. प्यायले.

जय जिनेंद्र.