दोन जिवांचे ताट

"तू आता दोन जिवांची आहेस, दोघांचे खा!" गरोदर सुनेला असे सांगणारी वडीलधारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. डोहाळजेवणाला पंचपक्वान्ने होतात, हौसेने ओटी भरली जाते. या मायेवर माझा आक्षेप नाही. परंतु त्या एका दिवसाच्या ताटात दिसणारी माया रोजच्या ताटात दिसते काय, एवढेच मला विचारायचे आहे.

हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. वहिनीला सातवा महिना लागला तेव्हा सरकारी दवाखान्यात तिची तपासणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक भरली तर तो गरोदरपणातला मधुमेह. वहिनीची अधिक भरली. घरात लगेच निकाल लागला, "गोड फार खाल्ले!"

वास्तविक दोष तिचा नव्हता. वारेतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. बहुतेकींचे शरीर जास्त इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढते, काहींचे काढू शकत नाही. मग वाढलेली साखर बाळाकडे जाते, बाळ प्रमाणाबाहेर वाढते, बाळंतपण अवघड होते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी उतरू शकते.

यावर पहिले दोन आठवडे उपाय असतो तो आहाराचा आणि व्यायामाचा. भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, ताक हेच खायचे, पण तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे, असे विभागून व वेळेवर. साखर, गूळ टाळायचा, भात बेताचा घ्यायचा, उपाशी मात्र मुळीच राहायचे नाही. डॉक्टरांची मनाई नसेल तर रोज अर्धा तास चालायचे. यात महाग असे काय आहे?

महाग काहीच नव्हते. अवघड मात्र होते. आमच्याकडे बायका शेवटी जेवतात. सकाळच्या चहावर वहिनी दुपारी दोनपर्यंत काढायची. तोवर उसळ-भाजी आम्ही पुरुषांनी संपवलेली असे आणि तिच्या वाट्याला उरे तो भात. दुसऱ्यांदा उसळ मागणाऱ्यांत मीही होतो! चालण्याचे म्हणाल तर, "पोटुशी बाई रस्त्याने हिंडते, लोक काय म्हणतील?"

दवाखान्याने कागद वहिनीच्या हाती दिला, पण वाढण्याचा डाव तिच्या हाती कुठे होता? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, हा सल्ला सासू, नवरा आणि दीर यांनाही समोर बसवून द्यावा. आमच्या घरी आईनेच शेवटी वहिनीचे ताट आधी वाढायला सुरुवात केली. संध्याकाळी दादा तिच्याबरोबर चालू लागला. दोन आठवड्यांनी जेवणानंतरची साखर १२० च्या आत आली. सर्वांचीच अशी येत नाही. कित्येकींना गोळ्या किंवा इन्सुलिन घ्यावे लागते आणि त्यात कमीपणा काही नाही.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते, कारण अशा स्त्रीला पुढे आयुष्यात मधुमेह जडण्याचा धोका अधिक असतो. बाळ झाले की वहिनीचे ताट पुन्हा शेवटी जाणार काय? दोन जिवांची असताना जिला वेळेवर जेवण मिळाले, तिच्या एकटीच्या जिवाचीही तेवढीच किंमत नको का?