दार न वाजणारी निवडणूक

मैत्रिणींनो, निवडणूक आली की आपण बायका पहिली तक्रार करतो ती दाराची. 'सारखं दार वाजतंय बाई! पोळी तव्यावर, आणि हे आले हात जोडून.' मीही करायचे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरतेला अक्काकडे पंधरा दिवस राहून आले, आणि तेव्हापासून दाराची कडी वाजली की गॅस बारीक करून मी स्वतः बाहेर येते. का, तेच आज सांगायचं आहे.

आम्ही अमळनेरचे. आमच्याकडून सुरत म्हणजे परमुलूख नव्हेच. ताप्ती लाइनची गाडी पकडली की झालं. खानदेशातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे साड्यांच्या कारखान्यात, लूमवर, नाहीतर दुकानात असतं. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळ जळगाव जिल्ह्यातले. लिंबायतच्या आमदार संगीता पाटीलही मराठीच. त्यामुळे तिथल्या निवडणुकीत आपल्या माणसांचा थोडाफार जीव असतोच.

अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी गेले. गुजरात विधानसभेचा प्रचार तेव्हा ऐन रंगात होता, म्हणजे टीव्हीवर! पडद्यावर एक पक्ष बायकांना महिना हजार रुपये देणार होता, दुसरा पाचशे रुपयांत सिलेंडर देणार होता, सत्तेतला पक्ष मुलींना केजीपासून पीजीपर्यंत फुकट शिकवणार होता. आणि अक्काच्या गल्लीत? तिथे सगळं शांत. पंधरा दिवसांत एकदा रिक्षातून भोंगा वाजत गेला, एकदा कुणीतरी दाराच्या फटीतून पत्रक सरकवून गेलं. पण 'ताई, काय अडचण आहे?' असं विचारायला एकही माणूस त्या दाराशी आला नाही, ना जिंकणाऱ्यांचा, ना हरणाऱ्यांचा.

मला चैनच पडेना. मी म्हटलं, "अक्का, अगं तुमच्याकडे मतं मागायला येत नाहीत का कुणी?"

ती पाय शेकत होती. म्हणाली, "कशाला येतील? येणार तर तेच आहेत. त्यांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. जे पडणार आहेत त्यांनाही माहीत आहे."

"मग तू जाणार का मतदानाला?"

"बघू. गुडघा काय म्हणतो."

ती गेली नाही. गुडघा हे निमित्त होतं हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

आता अक्कावर रागावण्याआधी आकडे पाहू या. गुजरातेत १९९५ पासून, मधला दीडेक वर्षाचा काळ सोडला तर, भारतीय जनता पक्षाचीच सत्ता आहे. २०२२ मध्ये १८२ पैकी १५६ जागा त्यांना मिळाल्या. काँग्रेसला १७, आम आदमी पक्षाला ५. सुरत जिल्ह्यातल्या १६ च्या १६ एकाच पक्षाच्या. राज्यातलं मतदान आधीच्या निवडणुकीपेक्षा चारेक टक्क्यांनी घसरलं होतं. अक्कासारखे गुडघे बरेच असावेत.

मला कुणा एका पक्षाला नावं ठेवायची नाहीत. गुजरातेतच १९८५ साली काँग्रेसने १४९ जागा जिंकल्या होत्या. तेव्हाही लोक म्हणाले असतील, 'येणार तर तेच'. आणि पाचच वर्षांनी, १९९० मध्ये, तोच पक्ष ३३ वर आला. बंगालमध्ये डाव्या आघाडीने १९७७ ते २०११ अशी सलग ३४ वर्षं राज्य केलं. सिक्कीममध्ये २००९ साली ३२ पैकी ३२ जागा एकाच पक्षाने घेतल्या. समोर बसायला कुणी उरलंच नाही. रंग कोणताही असो, एकतर्फीपणाची सवय एकसारखीच.

आणि लोकांनी भरभरून मत दिलं तर त्यात चूक काय, हा प्रश्नही रास्त आहे. मी अक्काच्या जावेला तो विचारला. ती म्हणाली, "रात्री बाराला गरबा खेळून पोरी एकट्या घरी येतात. लाइट जात नाही. मला आणखी काय पाहिजे?" तिचं खोटं नाही. जिला जे पटलं तिने ते मत द्यावं. जिंकणाऱ्याने दीडशे जिंकाव्यात, नाही कोण म्हणतंय? माझं म्हणणं जिंकण्याबद्दल नाहीच. दार वाजण्याबद्दल आहे.

कारण आपल्यासारख्या बायकांचा विचार करा. कचेरीत गेलो तर 'साहेब मीटिंगला गेलेत'. अर्ज केला तर 'उद्या या'. पुरुष चहाच्या टपरीवर, पारावर पुढाऱ्याला गाठतात. आपण कुठे गाठणार? पाच वर्षांत एकदाच असं होतं की सत्ता स्वतः चालून उंबऱ्याशी येते, हात जोडून उभी राहते आणि आपण पदराला हात पुसत तिला चार गोष्टी सुनावतो. तेवढीच आपली कचेरी! निकाल आधीच ठरलेला असला की ही कचेरी बंद पडते. जिंकणाऱ्याला यायची गरज नाही, हरणाऱ्याला यायची उमेद नाही.

आमच्या वॉर्डातली एक जुनी गोष्ट सांगते. नगरपालिकेची निवडणूक अगदी चुरशीची होती. दोन्हीकडचे मिळून आठ दिवसांत अकरा वेळा दाराशी आले. आमच्या बचत गटाच्या बायकांनी दोघांनाही एकच विचारलं, "नळाला पाणी पहाटे साडेतीनला येतं. ते सहाला कधी येणार?" मत कुणाला देणार ते शेवटपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. जो आला त्याने तीन महिन्यांत वेळ बदलून घेतली. तो फार भला होता असं नाही. पुढच्या वेळी आपण पडू शकतो, एवढी धाकधूक त्याच्या पोटात होती. तेवढ्या धाकधुकीवर आम्ही पहाटेची झोप मिळवली.

ही धाकधूक बायकांच्या उमेदवारीलाही लागते. २०२२ च्या त्या निवडणुकीत एकूण १,६२१ उमेदवार होते, त्यात बाया १३९. निवडून आल्या १५. एकशे ब्याऐंशीत पंधरा! हमखास निवडून येणाऱ्या जागा भरपूर असताना बायकांना तिकीट द्यायला सोपं जायला हवं होतं ना? पण हमखास जागा असली की तिच्यावर हमखास पुरुष बसतो. २०२३ मध्ये विधानसभा-लोकसभेत बायकांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा झाला, पण त्यालाही आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना अशी अट घातली. लग्न ठरलं, मुहूर्त मात्र गुरुजी नंतर सांगणार!

आता अक्काच्या गोष्टीचा पुढचा भाग. तो मला जास्त लागला.

२०२३ मध्ये अक्काच्या मुलाने कतारगामला फ्लॅट घेतला. सगळे तिकडे गेले, मतदार यादीतली नावंही तिकडे नेली. अक्काची धाकटी तेव्हा नुकती अठरा पूर्ण झाली होती. तिचं नवंकोरं कार्ड आलं. पोरीने त्याचा फोटो काढून मला पाठवला, 'मावशी, ७ मेला माझं पहिलं मतदान.' आईलाही दटावून तयार केलं तिने, "गुडघा दुखला तर रिक्षाने नेईन, पण यायचंच." आमची अक्काही हो म्हणाली.

आणि मतदान झालंच नाही.

सुरत लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज २१ एप्रिल २०२४ रोजी बाद झाला. ज्यांनी सूचक म्हणून सह्या केल्या होत्या, त्यांनीच या सह्या आमच्या नाहीत म्हणून सांगितलं. त्या पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचाही अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी बाकीच्या आठही जणांनी माघार घेतली, आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. सोळा लाखांहून जास्त मतदार, आणि एकालाही केंद्रावर जावं लागलं नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे जागा एक, उमेदवार एक, तर मतदान नाही. सगळं नियमात. अक्काची जुनी वस्ती नवसारी लोकसभेत येते, तिथल्या शेजारणींनी मात्र ७ मेला मत दिलं. आमच्या अक्काने पत्ता बदलला आणि मत गमावलं.

गंमत अशी की याच गुजरातने स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारा कायदा आणला होता. २००९ मध्ये विधानसभेत मंजूर झाला, २०१४ मध्ये राज्यपालांची सही झाली, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे मतदाराने गेलंच पाहिजे. पण त्याच्यासमोर निवडायला कुणी असलंच पाहिजे, ही सक्ती कुणावर?

भाचीने मला फोन केला. रडत नव्हती, चिडलेली होती. "मावशी, मी कदाचित त्यांनाच मत दिलं असतं. पण मला विचारलं तरी पाहिजे होतं ना?"

यावर मावशीकडे उत्तर नव्हतं. मुलगी बघायला आलेले लोक पसंतीचा निरोप पाठवतात आणि मुलीला कुणी विचारतच नाही, तसंच हे झालं. स्थळ चांगलं असेलही. पण विचारायचं असतं.

आपल्याकडे 'बिनविरोध' हा शब्द फार मानाचा झाला आहे. गावाने एकोपा केला, खर्च वाचला म्हणून सत्कार होतात. गुजरातेत तर बिनविरोध ग्रामपंचायतींना 'समरस' म्हणून सरकारी अनुदान मिळतं. खरा एकोपा असेल तर आनंदच आहे. पण बचत गटाच्या कामासाठी दहा गावं फिरताना मी एवढं पाहिलंय, की बिनविरोध ठरवायच्या बैठकीला बाया सहसा नसतात. चहा मात्र त्यांच्या हातचा असतो.

मला वाटतं, उमेदवार एकच उरला तरी मतदान व्हावं. 'वरीलपैकी कुणी नाही' हे बटण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आपल्याला मिळालं. एका बाजूला तो एक उमेदवार, दुसऱ्या बाजूला ते बटण, असं तरी मशीन मांडा. खर्च होईल, होऊ दे. सोळा लाख माणसांना विचारल्याचा खर्च आहे तो.

आणि आपणही थोडं बदलू या. २०२४ च्या विधानसभेत आपल्या महाराष्ट्रातही २८८ पैकी २३० जागा तीन पक्षांच्या एका युतीकडे गेल्या, आणि विरोधी पक्षनेतेपदासाठी धरली जाणारी दहा टक्क्यांची संख्या एकाही विरोधी पक्षाला गाठता आली नाही. तेव्हा 'तिकडे गुजरातेत' म्हणून बोट दाखवून सुटका नाही. 'येणार तर तेच' हे वाक्य आपल्याही ओट्यावर यायला वेळ लागणार नाही.

ते आलं तर काय करायचं? दार वाजलं नाही, तर आपण बाहेर पडायचं. पाच-सहा जणींनी मिळून जिंकणाऱ्याच्याही दाराशी जायचं, हरणाऱ्याच्याही. नळाची वेळ, शाळेची बस, गल्लीतला दिवा, जे असेल ते विचारायचं. आणि मतदानाला जायचंच. निकाल ठरलेला असला तरी जायचं. जिंकणाऱ्याच्या मतांचा आकडा थोडा कमी-जास्त झाला तरी त्याला ते कळतं, आणि तो पुढच्या वेळी कुठल्या गल्लीत शिरायचं ते त्यावरून ठरवतो.

गुजरातची पुढची विधानसभा २०२७ मध्ये आहे. भाचीने ते कार्ड देवघराच्या फडताळात जपून ठेवलं आहे. अक्काला मी सांगितलंय, तेव्हा मी येणार. गुडघा काय म्हणतो ते त्या दिवशी विचारायचं नाही.