अब्रू कुणाच्या मालकीची?



बलात्कार कशाला म्हणायचं, विनयभंग कशाला आणि 'नुसती गंमत' कशाला, यावर माणसं तावातावानं भांडतात. पांढरपेशे म्हणतात, व्याख्या नीट नाही म्हणून भांडण. साफ खोटं. हे भांडण मालकीचं आहे.

आपले शब्दच बघा. अब्रू लुटली. इज्जत गेली. विनयभंग. यात बाईच्या 'नाही'ला जागा कुठंय? इज्जत बापाची, नवऱ्याची, घराण्याची. आणि जिला या व्यवस्थेनं इज्जतच दिली नाही, तिचं गेलं काय? असा हा हिशेब.

१९७२. चंद्रपूर जिल्ह्यातलं तेव्हाचं देसाईगंज पोलीस ठाणं. आदिवासी पोर, दोन पोलीस. हाच तो मथुरा खटला. १९७४ साली सत्र न्यायालय म्हणालं, हिला सवयच होती. १९७६ साली हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ म्हणालं, भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाला अंगावर जखमा दिसल्या नाहीत. पोलीस सुटले. पुरावा तोच, कोर्टं तीन. एकानं चारित्र्य मोजलं, एकानं जखमा. खाकी वर्दीची दहशत एकानंच मोजली.

१९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा हलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हे कायद्यात लिहायला २०१३ उजाडलं. एका वाक्याला ४१ वर्षं!

आणि तरी जानेवारी २०२१ मध्ये त्याच नागपूर खंडपीठानं १२ वर्षांच्या पोरीच्या खटल्यात सांगितलं की कपड्यावरून हात लावला, कातडीला कातडी लागली नाही, तर पोक्सोतला लैंगिक हल्ला नाही, नुसता विनयभंग. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं तो निकाल उडवला.

कोर्टाला शिव्या घालणं सोपं आहे. आता आपल्याकडं या. पाटलाच्या पोरानं हात धरला तर अत्याचार. आपल्या कार्यकर्त्यानं धरला तर 'गैरसमज'? 'बाई, चळवळ बदनाम होईल, गप ऱ्हा' असं म्हणणारा कोणत्या बाकावर बसलाय? त्याच निकालाच्या बाकावर.

म्हणून 'ती ओरडली का' हे विचारू नका. विचारा, ती 'नाही' म्हणाली असती तर तिचं काय गेलं असतं? मजुरी? खोली? चळवळीतली जागा? जिथं 'नाही'ची किंमत एवढी जबर, तिथं तिच्या गप्प बसण्याला 'हो' म्हणणारा सोबती नाही. तो मालक आहे. मग मालकाशी वागतो तसंच त्याच्याशी वागा.