अहवालातला व्याजाचा आकडा

साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल घरी आला की आपण फोटो बघतो नि ठेवून देतो. यंदा नफा-तोटा पत्रक उघडा. व्याज नि कर वजा होण्याआधीचा नफा घ्या, त्याला वर्षाच्या व्याजाने भागा. समजा नफा 12 कोटी, व्याज 10 कोटी; म्हणजे 1.2 पट. साखरेचा भाव जरा पडला की संपलं! एकाच्या खाली आलं, तर व्याज नव्या कर्जातून नाहीतर तुमच्या थकलेल्या बिलातून जातंय असं धरा.

आणखी एक. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल मिळालं नाही, तर त्यावर सालाना 15 टक्के व्याज तुमचं होतं. ते खर्चात धरलंय का, सभेत उभं राहून विचारा. धरलं नसेल, तर तो 1.2 सुद्धा खरा नाही.