‘कोल्हापुरी चावतेच’ हे कुणी ठरवलं?

नवी कोल्हापुरी घेतली की चार माणसं चार सल्ले देतात. रात्रभर तेल लावून ठेव. घरात मोजे घालून फिरव. टाचेला बँडेज लाव. आठ दिवस सोस, मग बघ कशी लोण्यासारखी होते. सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच गृहीतक असतं: कोल्हापुरी चावतेच, चावली नाही तर ती अस्सल नाही.

दुसऱ्या कुठल्या वस्तूबद्दल आपण असं बोलतो? नवा चष्मा नाकाला रुतला तर आपण दुकानात परत जातो. दुकानदार दांडी वाकवून देतो, नाकावरचं पॅड सारखं करतो, आणि त्याला कुणी उपकार म्हणत नाही. शर्टाचा खांदा उतरला तर शिंप्याकडे जातो. आणि चप्पल चावली तर मात्र परंपरा म्हणून सोसायची? माझं म्हणणं सरळ आहे. आठ दिवसांनंतरही चावणारी कोल्हापुरी म्हणजे चुकलेलं माप. त्या चुकीला परंपरेचं नाव दिल्याने दुकानदार सुटतो, अ‍ॅप सुटतं, आणि अडकतात दोघंच: घालणारा आणि बनवणारा.

आधी चामड्याविषयी. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावलेलं असतं. ते सुरुवातीला ताठ असतं आणि पायाच्या उबेने, घामाने, वजनाने हळूहळू पायाचा आकार घेतं. म्हणून पहिले काही दिवस थोडा कडकपणा जाणवणं साहजिक आहे. पण कडकपणा आणि बेमापपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताठ पट्टा मऊ होतो. चुकीच्या जागी बसलेला पट्टा मऊ होऊनही चुकीच्याच जागी राहतो. अंगठ्याची कडी पुढे सरकलेली असेल, टाच तळाच्या बाहेर लोंबत असेल, पायाची बाहेरची कड जमिनीला घासत असेल, तर त्यावर खोबरेल तेलाची अख्खी बाटली ओतली तरी काही होणार नाही. फोड कुठे आला हे पाहिलं तरी यातलं बरंचसं कळतं. पण ते पाहायचं कुणी?

त्यात आपण माप म्हणून काय सांगतो? ‘सात नंबर.’ ‘आठ नंबर.’ हा नंबर आला इंग्रजांकडून. त्यांच्या पद्धतीत एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपियन नंबरात हीच वाढ सुमारे ६.७ मिलिमीटर. दोन्ही नंबर मुळात लांबीचे. पाय रुंद किती, वरचा उंचवटा किती, अंगठा आणि शेजारच्या बोटात फट किती, यावर ते गप्प असतात.

बुटाला लेस असते, सँडलला बक्कल असतं, चूक थोडीफार झाकता येते. नेहमीच्या कोल्हापुरीला असं काहीच नाही. बाजूचे कान तळाच्या थरांमध्ये घालून चामड्याच्या वादीने शिवलेले, पट्टा त्यांना जोडलेला, पुढे अंगठा. खिळा नाही, बक्कल नाही. जी काही तडजोड करायची ती शिवण्याआधी. म्हणजे ज्या पादत्राणाला रुंदीचं माप सर्वात जास्त लागतं, तेच आपण फक्त लांबीच्या आकड्यावर विकत घेतो.

हा प्रश्न कोल्हापुरीपुरता नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या पायांपेक्षा साधारणपणे रुंद असतात, आणि रुंदीत मावण्यासाठी आपण गरजेपेक्षा लांब बूट घेतो, असं त्यातून दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. आधुनिक विज्ञान एक लाख पाय मोजून ज्या निष्कर्षाला आलं, ते कोल्हापूरच्या जुन्या कारागिराला गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की दिसायचं. कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिलने रेघ ओढायची, वरून दोऱ्याने पट्ट्याचं माप घ्यायचं. मग रापीने तळ कापायचा.

इथे कुणीतरी उसासा टाकून ‘गेले ते दिवस’ म्हणेल. त्याला थांबवायला हवं. बलुतेदारीत चांभाराने गावाच्या वहाणा करायच्या, मोटेचं चामडं शिवायचं, वर्षभर तुटलंफुटलं दुरुस्त करायचं, आणि सुगीला जे धान्य मिळेल ते घ्यायचं. वहाण चावली तर ती सैल करून देणं हेही त्यातच आलं. ती सेवा होती हे खरं, पण ‘नाही’ म्हणण्याची सोय नसलेल्या माणसाची सेवा. ज्या समाजाने ‘पायातली वहाण पायातच बरी’ अशी म्हण करून माणसांना जागा दाखवली, त्याने वहाण बनवणाऱ्याच्या कौशल्याची वेगळी किंमत कधी केली नाही. चामड्याचे पैसे, शिवणीचे थोडे पैसे, आणि माप घेणं, बसवून पाहणं, पुन्हा सारखं करणं हे फुकट. बलुतं गेलं, ही सवय राहिली. ‘दादा, जरा सैल करून द्या की’ म्हणताना आपल्या मनात पैशाचा विचारच येत नाही.

जे फुकट होतं तेच धंद्यातून पहिल्यांदा गळून पडलं. आज बहुतेक वेळा तळ एकाने कापलेला असतो, वेणी घरी बसून बाईने विणलेली असते, जोडणी तिसऱ्याने केलेली असते आणि विक्री चौथा करतो. कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमध्ये तुम्ही तक्रार केलीत तर ती ऐकतो दुकानातला पोऱ्या. तो पुढचा नंबर काढून देतो. ज्याच्या हातात आरी आहे त्याच्यापर्यंत तुमचा फोड कधी पोहोचतच नाही. वर्षानुवर्षं एकच चूक होत राहिली, तर ती सुधारणार कशी?

ऑनलाइनने ही दरी आणखी रुंद केली. वस्तूच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: हस्तनिर्मित असल्याने आकारात किंचित फरक संभवतो. हे वाक्य प्रामाणिकही असू शकतं, पण अनेकदा ती ढाल असते. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघालेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. पण चावणारी चप्पल सदोष आहे हे सिद्ध कसं करणार? नंबर तर बरोबरच आहे! आणि परत घेतलीच, तर जाण्यायेण्याच्या खर्चाचा भार छोट्या विक्रेत्यावर येतो आणि तो त्याच्या मागच्या कारागिरावर ढकलतो. म्हणजे माप कुणी घेतलंच नाही, आणि चुकलेल्या मापाचा दंड मात्र ज्याने तुमचा पाय पाहिलेला नाही त्याला.

कारागिरांच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एक गोड गैरसमज आहे. ‘हाताने केलेलं आहे, थोडं कमीजास्त चालायचंच.’ का चालायचं? यंत्राने केलेल्या वस्तूला ही सवलत द्या. तिला तुमचा पाय माहीत नाही. हाताच्या कामाचा सगळ्यात मोठा फायदाच हा की ते समोरच्या माणसाप्रमाणे बदलू शकतं. तो फायदा काढून घेतला, तर उरते फक्त सावकाश केलेली ठरावीक मापाची वस्तू. तीत आणि बाजारातल्या रेक्झिनच्या नकलेत मग फरक राहिला चामड्याचा. कारागिराची कीव करून त्याचं निकृष्ट काम गोड मानून घेणं म्हणजे त्याच्याकडून उत्तम कामाची अपेक्षाच नसणं. तो अपमान आहे.

आता प्राडाकडे वळू, कारण त्याशिवाय आज कोल्हापुरीवर बोलताच येत नाही. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. महाराष्ट्र पेटला, आणि ते योग्यच होतं. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. प्राडाने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली. डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २,००० जोड, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो.

आपण नावासाठी भांडलो. पायासाठी कुणी भांडलं नाही. भौगोलिक मानांकन चप्पल कुठे आणि कशी बनली याची हमी देतं. ती तुम्हाला बसेल याची नाही. आणि ८०० युरो या आकड्यावर हसताना एक गोष्ट विसरू नये. अशा दुकानात गिऱ्हाइकाला बसवतात, दोन-तीन माप घालून दाखवतात, चालायला लावतात. ब्रँडचा माज त्या किमतीत आहेच, पण ही सेवाही आहे. आपण मात्र चप्पल लाइनमध्ये शंभर रुपयांची घासाघीस जिंकतो आणि घरी येऊन टाचेला बँडेज लावतो.

‘गरीब कारागिरावर फिटिंगचा बोजा कशाला?’ हा आक्षेप मला मान्य नाही. चामडं महाग झालं आहे. २०१५च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कच्च्या मालाची अडचण वाढली. अशा वेळी जोडीमागे मिळणाऱ्या मजुरीवर जगणाऱ्याकडे विकण्यासारखं अजून एक कौशल्य आहे, आणि त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. ते म्हणजे बसवणं. फिटिंग हा बोजा तेव्हाच होतो जेव्हा ती फुकट मागितली जाते.

तेव्हा मागणी अशी असावी. पावतीवर चपलेची किंमत वेगळी आणि माप-फिटिंगची वेगळी. महिन्याभरात एकदा सारखी करून देणं त्या फिटिंगच्या पैशात, त्यानंतरची दुरुस्ती दर ठरवून. ऑनलाइन विकायचं असेल तर नंबरासोबत पायाची रेघ मागा: कागदावर उभं राहून काढलेला दोन्ही पायांचा आकार, शेजारी पट्टी, आणि पट्ट्याच्या जागी पायावरून घेतलेलं दोऱ्याचं माप. फोनवरून पाठवायला पाच मिनिटं लागतात. लिडकॉमने कोल्हापुरीसाठी क्यूआर कोड आणला आहे. कोड स्कॅन केल्यावर कारागिराचं नाव दिसलं तर छानच, पण ही चप्पल सैल कुठे करून मिळेल हेही दिसायला हवं. नाहीतर तो नुसता जन्मदाखला.

आणि आपण, घेणाऱ्यांनी? चप्पल संध्याकाळी घ्यायची, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांत घालायची. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. चालून बघायची. किंचित घट्ट चालेल, चामडं सैल होतं. पण टाच बाहेर नको. ‘मापाने करून देता का, किती दिवस, किती जास्त?’ हे विचारायचं, आणि जास्त सांगितले तर द्यायचे. या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नसेल, तर पुढच्या दुकानात विचारायचं. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या आत मागच्या खोलीतला कारागीर पुढे येऊन बसेल.

तोवर, ‘चावतेच हो, कोल्हापुरी आहे’ असं पुन्हा कुणी म्हणालं, तर हसून तेल लावू नका. चप्पल काढा, फोड कुठे आलाय तिथे बोट ठेवा, आणि विचारा: हे दुरुस्त कोण करणार, आणि किती घेणार?