फाटकाबाहेर कोणते खाते उभे आहे?

मा. गृहमंत्री आणि मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई.



आपणा दोघांना मिळून एकच पत्र का लिहिले, हे आपल्याला सांगायला नको. नांदेड-लातूरचा माणूस तुरुंगात असतो तोवर तो गृह विभागाचा. शिक्षा भोगून बाहेर आला की त्याचे पुनर्वसन महिला व बालविकास विभागाकडे जाते, कारण जिल्हा परिविक्षा अधिकारी त्या विभागाचे. कारागृहांचे मुख्यालय पुण्यात, महिला व बालविकास आयुक्तालयही पुण्यातच. तरी या दोन खात्यांच्या मधल्या जागेत आमची माणसे हरवतात. सुटकेच्या दिवशी एका खात्याचा शिपाई आतून कडी काढतो. बाहेर दुसऱ्या खात्याचे कोण उभे असते?

आमच्याकडचा पक्का कैदी बहुधा आमच्याकडे सुटतच नाही. मोठी शिक्षा लागली की त्याला हर्सूल, नाशिकरोड किंवा येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात नेतात. सात-आठ वर्षांनी तो तिथेच सुटतो आणि हातात पिशवी घेऊन रात्रीच्या एसटीने देगलूर नाहीतर निलंगा गाठतो. त्याच्या शिक्षेचे आणि माफीचे दिवस रजिस्टरात मांडलेले असतात, सुटकेची तारीख आपल्या अधिकाऱ्यांना आधीपासून ठाऊक असते. मग हर्सूलहून आपल्या जिल्ह्यातला माणूस अमुक तारखेला सुटतो आहे, हे नांदेडच्या परिविक्षा अधिकाऱ्यांना आधी कळते का? कळत असेल, तर त्या दिवसापर्यंत त्यांनी काय तयारी करून ठेवायची असते? घरच्यांनी दार उघडले नाही तर पाठ टेकायला या दोन जिल्ह्यांत आपली जागा कुठे आहे?

कारागृह विभागाचे ब्रीद 'सुधारणा व पुनर्वसन' असे आहे. त्यातल्या सुधारणेसाठी आत काम दिले जाते आणि त्याचे वेतन मिळते. 2023 मध्ये हे वेतन वाढवून कुशल बंद्याला दिवसाला 74 रुपये, अर्धकुशलाला 67 आणि अकुशलाला 53 रुपये झाले. वाढ झाली याचा आनंद आहे. पण इतक्या मजुरीत घरी पैसे धाडून, कॅन्टीनचा खर्च भागवून जे उरते, त्यावर माणसाने बाहेर संसार उभा करायचा आहे, हे आपण जाणता.

माझ्या ओळखीचा एक जण आत सुतारकाम शिकून आला. हात असा बसलेला, की लातूरच्या एका फर्निचरवाल्याने दोन दिवस त्याचे काम पाहून त्याला ठेवून घ्यायचे ठरवले. मग दाखला मागितला. दाखल्यावर कारागृहाचा शिक्का होता. तिसऱ्या दिवशी पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणायला सांगितले आणि तिथेच ते काम संपले. मालकावर माझा राग नाही, त्याला धीर देणारे कोणीच नव्हते. पण आपणच शिकवलेल्या माणसासाठी आपल्यापैकी एकाही खात्याने त्या मालकाला फोन करू नये? लातूर आणि नांदेडच्या औद्योगिक वसाहतींतले कारखानदार, सरकारी रस्त्यांचे ठेकेदार, दालमिलवाले यांना जिल्हाधिकाऱ्यांसमोर बसवून 'ही आमची माणसे, यांना घ्या, जबाबदारी आमची' असे आपण कधी म्हणणार आहात?

शेवटी अशा माणसाला ऊसतोडीचा मुकादमच विचारतो. त्याला चारित्र्याचा दाखला लागत नाही, कोयता चालवता आला की पुरे. उचल म्हणजे आगाऊ पैसे अंगावर घेऊन माणूस नवराबायकोच्या जोडीने कर्नाटकात ऊसतोडीला जातो. आत भोगलेली शिक्षा निदान मोजलेली होती, या उचलीला शेवट दिसत नाही.

1 मे 2022 रोजी येरवड्यात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज 7 टक्के व्याजाने देऊ केले. देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. आत असलेल्या माणसावर बँक विश्वास ठेवते. तोच माणूस हप्ते फेडून, शिक्षा संपवून मुखेडला परतला आणि शेळ्या घ्यायला, पानटपरी टाकायला कर्ज मागू लागला, तर त्याला कोणत्या बँकेकडे पाठवायचे, हे आपण सांगाल का?

कच्च्या कैद्याची स्थिती याहून वाईट आहे. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते, त्यांतले 4,34,302 कच्चे. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. सातबारा कोण देणार? दोन एकर कोरडवाहूवर सोसायटीचा बोजा, भाऊबंद ऊसतोडीला गेलेले. हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. 2023 मध्ये केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. तिच्यात तेव्हा जामिनासाठी 40,000 आणि दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत, आणि ती मंजूर करायला जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची जिल्हास्तरावर समिती. त्याच वर्षी 31 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. योजनेचा पैसा खर्च होत नाही म्हणून पुढे केंद्रीय गृह मंत्रालयालाच राज्यांना पत्रे लिहावी लागली. नांदेड आणि लातूरच्या समित्या कितीदा बसल्या? किती जणांचे पैसे भरले? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 सांगते, की फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पहिल्यांदाच अडकलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा अर्ज अधीक्षकांनीच न्यायालयात करायचा. असे किती अर्ज गेले?

आणि जो शेवटी निर्दोष सुटतो, त्याचे काय? त्याची वर्षे गेली, शाळेतून पोरे काढली, रेशनकार्डावरचे नाव गेले. त्याला 'तू चोर नव्हतास' एवढे सांगायलाही कोणी घरी येत नाही.

ज्यांचे माणूस गेले, ज्यांचे घर फुटले, त्यांचे दुःख मी विसरलेलो नाही. पण त्यासाठी न्यायालयाने शिक्षा मोजून दिली आणि माणसाने ती भोगली. त्यापुढची शिक्षा कोणत्या न्यायालयाने सुनावली?

काहींच्या वाट्याला तर ही शिक्षा जन्मापासूनच येते. लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन 1987 साली आले आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांचे जगणे तेव्हापासून साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गुन्हेगार जमाती कायदा तर 1952 सालीच रद्द झाला. तरी आमच्याकडे कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते, आणि आत जाऊन आलेला कोणी तिथे असेल तर पहिल्यांदा त्यालाच उचलतात. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात बजावले. गृहमंत्री महोदय, तो निकाल आमच्या ठाण्यांतल्या हवालदारापर्यंत पोहोचवण्याचे काम आपले आहे. ते झाले का?

सुटलेल्या माणसाला उभे करणे अशक्य आहे असे कृपा करून सांगू नका. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे बंदी भिंतींशिवाय, बायकापोरांसह राहून शेती करत. एका छोट्या संस्थानाला जे सुचले आणि परवडले, ते इतक्या मोठ्या राज्याला का परवडू नये? मराठवाड्यात पैठणचे खुले कारागृह 1968 पासून आहे, म्हणजे शहाणपणाचाही तुटवडा नाही. 1983 साली तुरुंगसुधारणेसाठीच्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने सुटकेनंतरच्या आधाराबद्दल लिहिले, त्यालाही चार दशके उलटून गेली.

म्हणून आम्हा दोन जिल्ह्यांच्या नागरिकांचे मागणे सरळ आहे. सुटकेच्या तीन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने बंद्याला आत जाऊन भेटावे. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे तो आत असतानाच पूर्ण व्हावीत. सुटकेच्या दिवशी त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर त्याच्या खिशात असावा. आणि गेल्या वर्षी किती जण सुटले, त्यांतले किती जण या अधिकाऱ्याला भेटले, किती जणांना काम मिळाले, गरीब बंद्यांच्या योजनेतून किती रुपये कोणत्या महिन्यात खर्च झाले, हे आकडे नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांच्या दर्शनी फलकावर लावावेत. आकडा शून्य असेल तर शून्य लिहावा. उत्तर आपणा दोघांच्या सहीने एकत्र द्यावे, म्हणजे 'तो विषय त्या खात्याचा' हे आम्हाला पुन्हा ऐकावे लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नांदेड