सुपरमॅनला हिरवा, आपल्या लक्ष्याला लाल

मंडळी, या वर्षीच्या सगळ्या सुपरहिरो चित्रपटांत मला सर्वांत जास्त आवडला तो एक कुत्रा. जेम्स गनच्या ‘सुपरमॅन’मधला क्रिप्टो. अंगावर लाल शेला, पायात बळ भरपूर आणि आज्ञापालन शून्य. मालकाची हाडं मोडलेली असताना तो मदतीला येतो खरा, पण आधी त्याच्या अंगावर उड्या मारून उरलेली हाडंही खिळखिळी करतो. गनने हा कुत्रा स्वतःच्या घरी आणलेल्या एका बेशिस्त कुत्र्यावरून बेतला आहे म्हणे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हे सांगायची गरज नाही.

चित्रपट सुरू होतो तोच सुपरमॅन हरलेला असताना, हे मला फार बरं वाटलं. नाहीतर दर दहा वर्षांनी तोच ग्रह फुटणार, तेच बाळ यानात ठेवणार, तेच शेत, तेच आईबाबा. इथे ते सगळं दोन-चार ओळींत उरकलंय. डेव्हिड कोरेन्स्वेट दिसायला सज्जन आहे आणि वागायलाही. मारामारी चालू असताना तो एका खारीला वाचवतो. थिएटरात मागे बसलेली पोरं हसली, मी मात्र तिथेच त्याची झाले.

पण सगळ्यात जमलेला प्रसंग मारामारीचा नाहीच. लोइस लेन त्याची मुलाखत घेते, एका बंद खोलीत, आणि तो चिडत जातो. तू एका देशाच्या युद्धात कुणाला विचारून पडलास, असं ती विचारते. तो म्हणतो, माणसं मरत होती. दोघांचंही बरोबर आहे. इतका वेळ नुसतं बोलणं चाललंय आणि कुणी पॉपकॉर्न आणायला उठलं नाही, असं सुपरहिरो चित्रपटात क्वचित होतं.

आता यातला आपल्या घरचा भाग. सुपरमॅनच्या जन्मदात्यांचा निरोप अर्धवट ऐकू येत असतो. जगाचं भलं कर, एवढंच त्यात आहे असं त्याला वाटत आलेलं असतं. पुढे उरलेला निरोप बाहेर येतो आणि तो भलताच निघतो. लोक रातोरात फिरतात: हा आपला नव्हेच, हा बाहेरचा. आम्हा इंदूरकरांना हे वाक्य काही इतक्या जोरात कुणी ऐकवत नाही, देवाची कृपा. पण पुण्याला लग्नाला गेलं की ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न येतोच. मी ‘इंदूर’ म्हणते. समोरच्या काकू थोडं थांबून म्हणतात, ‘हो गं, पण मूळचे कुठले?’ आमच्या पाच पिढ्या होळकरांच्या गावात गेल्या. मूळ गाव मी आयुष्यात एकदा पाहिलंय, तेही कुलदैवताला जाताना गाडीच्या खिडकीतून. तेव्हा कॅन्ससच्या शेतावर म्हातारा केंट पोराला समजावतो की आईबापांनी काय ठरवलं यावर तू ठरत नाहीस, तू काय करतोस त्यावर ठरतोस, तेव्हा माझ्या शेजारी बसलेले बाबा घसा खाकरून चष्मा पुसायला लागले. विचारलं तर म्हणाले, ‘एसी फार वाढवलाय.’

तक्रारी आहेतच. पात्रं फार, मधला तो खिशातल्या विश्वाचा भाग व्हिडिओ गेमसारखा, आणि आपल्या सेन्सॉर बोर्डाने कापलेलं चुंबन. अख्खं शहर उभं चिरत जातं ते घरच्यांबरोबर चालतं, दोन प्रौढ माणसांचा प्रेमाचा अर्धा मिनिट मात्र चालत नाही. कात्री लागली की प्रसंगाला असा हिसका बसतो की ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनाही कळतं इथे काहीतरी होतं.

सर्टिफिकेटचा विषय निघालाच आहे तर ताई-दादांसाठी एक कामाची गोष्ट. 2024च्या नियमांपासून ‘यूए’चे तीन भाग झालेत: यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+. ही वयं आईवडिलांनी विचार करावा म्हणून दिलेली असतात, मुलाला दारात अडवत नाहीत. अडवतात ते ‘ए’ला. माझा अकरा वर्षांचा भाचा ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’साठी गेल्या वर्षी महिनाभर हटून बसला होता, त्याला हे कायद्याच्या भाषेत समजावून सांगावं लागलं. एकटी जाऊन पाहिला. पहिल्याच प्रसंगात नायक सांगाड्याच्या हाडांनी मारामारी करत नाचतो. भाच्याला ‘काही खास नव्हता’ असं सांगितलं. खास होता.

मार्व्हलच्या यंदाच्या चित्रपटांपैकी ‘फॅन्टास्टिक फोर’ डोळ्यांना छान, साठच्या दशकातलं भविष्य, पण घरी येईपर्यंत अर्धा विसरले. ‘थंडरबोल्ट्स’ राहिला. फ्लोरेन्स प्यू सुरुवातीला क्वालालंपूरच्या मर्डेका 118 या इमारतीवरून उडी मारते, ती तिने खरंच मारलीय. पण लक्षात राहतो तो बॉब नावाचा गप्पगप्प मुलगा, ज्याच्या आत एक काळोख बसलाय. शेवटी त्या काळोखाला बुक्के मारून काही होत नाही, जितके मारावेत तितका तो वाढतो. मग बाकीचे त्याला नुसते घट्ट धरून ठेवतात. कॉलेजातल्या मुलामुलींनो, हा मित्रांबरोबर पाहा. त्यातल्या जो नेहमी ‘सब बढिया’ म्हणतो ना, त्याला न्या.

हा चित्रपट आपल्याकडे 1 मे 2025ला लागला. त्याच दिवशी ‘रेड 2’ लागला, ज्यात आपला रितेश देशमुख खलनायक. आणि त्याच दिवशी, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ हे दोन मराठी चित्रपटही. चार चित्रपट, एक सुट्टी. आमच्या शहरात काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. ‘रेड 2’ सकाळी नऊपासून रात्री बारापर्यंत, आणि मराठीसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खेळ, दुपारी पावणेतीनला. मे महिन्यातलं इंदूर आणि पावणेतीनची वेळ! आजीला त्या उन्हात कोण नेणार?

तरी ‘गुलकंद’ पाहिला. समीर चौघुलेचा चेहरा हाच अर्धा विनोद आहे, सई ताम्हणकर त्याच्याबरोबर शोभते का असं वाटत असतानाच शोभायला लागते. मधला भाग जरा ताणलाय. पण हा विनोद कुणाच्या जाडीवर, रंगावर, बायकोच्या स्वयंपाकावर नाही, हे किती दिवसांनी! ‘आता थांबायचं नाय!’ नंतर मोबाईलवर पाहिला: मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणीतले सफाई कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, खऱ्या घटनेवरून. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघेही नेहमीचा आवाज खाली ठेवून काम करतात. थिएटरात सगळ्यांबरोबर रडायचा चित्रपट होता, मी चादरीत तोंड घालून एकटी रडले.

याउलट ‘मुंज्या’ची गंमत बघा. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा पिंपळावर बसतो, ही आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपला, कोकण आपलं, आणि चित्रपट हिंदी. हिंदी म्हणूनच 2024 साली तो इंदूरच्या प्रत्येक थिएटरात दिवसभर चालला. माझ्या ऑफिसातले शर्मा-वर्मा मला विचारत होते, ‘ये मुंज क्या होती है?’ रागवावं की खूश व्हावं, कळेना. बाबांचं मत पडलं की मराठीत काढला असता तर आपल्याला इथे दिसलाच नसता. (त्याच सरपोतदारांचा या दिवाळीतला ‘थामा’ मला ‘मुंज्या’पुढे फिका वाटला. घरात पिशाच आलं तर निदान भीती तरी वाटावी.)

मल्याळी लोकांनी हा प्रश्न वेगळा सोडवलाय. ‘लोका: चॅप्टर 1’मध्ये त्यांनी आपल्या लोककथेतली नीली ही यक्षी घेतली, तिला बेंगळुरूच्या एका फ्लॅटमध्ये राहायला पाठवलं, कॅफेत नोकरी लावली आणि सुपरहिरो केलं. कल्याणी प्रियदर्शन न हसता, न ओरडता तो चित्रपट एकटी ओढून नेते. खर्च म्हणे साधारण 30 कोटी. मोठ्या हिंदी ॲक्शनपटांत तेवढ्यात एखाद्या स्टारचं मानधनही सुटत नाही. आधी मल्याळममध्ये, आपल्या लोकांसाठी काढला. मग डब केला. यशाचा क्रम असाही असू शकतो.

भाच्याने ‘लोका’ पाहून विचारलं, ‘मावशी, मराठी में सुपरहिरो नहीं है क्या?’ (त्याच्याशी मी मराठीत बोलते, तो उत्तर हिंदीत देतो. घरोघरी हेच, मला माहितीय.) आहे तर! ‘दे दणादण’, 1987, महेश कोठारे. लक्ष्मीकांत बेर्डे हवालदार असतो आणि मारुतीच्या कृपेने त्याला अचाट ताकद येते. फक्त लाल रंग दिसला की ताकद गायब. सुपरमॅनला हिरव्या दगडाची भीती, आपल्या लक्ष्याला लाल कपड्याची. 2024च्या तेलुगू ‘हनुमान’मध्येही मारुतीच्याच कृपेची ताकद आहे आणि तीही उन्हातच चालते, म्हणजे अट घालायची कल्पना आपल्याकडे 37 वर्षं आधी येऊन गेली. भाच्याला दाखवला. स्पेशल इफेक्ट्स पाहून तो पंधरा मिनिटं कुत्सित हसला, नंतर खरा हसला. आता घरात कुणी लाल शर्ट घातला की तो जमिनीवर कोसळतो.

2015 साली ‘बाजी’ नावाचा मुखवटेवाला नायकही मराठीत येऊन गेला. श्रेयस तळपदे. फार चालला नाही. तोच श्रेयस पुढे हिंदी ‘पुष्पा’मधला अल्लू अर्जुनचा आवाज झाला आणि देशभर त्या आवाजावर शिट्ट्या पडल्या.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो ‘दशावतार’. सप्टेंबरमध्ये आला. कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, दृष्टी अधू होत चाललेली, मुलगा म्हणतो आता थांबा. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण उत्तरार्धात हा चक्क ॲक्शनपट होतो. आणि नायक आहेत दिलीप प्रभावळकर, वय वर्षं 81. यंदाच ‘मिशन इम्पॉसिबल’मध्ये टॉम क्रूझ उडत्या विमानाच्या पंखाला लोंबकळला, तो 62चा, आणि जगभर त्याच्या वयाचं कौतुक चाललं होतं. आमच्या बाबुलीला कुणी ते सांगितलं नसावं. अंगाला रंग, डोक्यावर मुकुट, पायाखाली रान. चित्रपट मध्येमध्ये भाषण देतो, खलनायक मंडळी जरा पुठ्ठ्याची आहेत. पण प्रभावळकर एका अवतारातून दुसऱ्यात जातात तेव्हा शरीरच बदलतं. ‘हसवाफसवी’ नाटकात सहा माणसं एकट्याने उभी करणाऱ्याला हे नवीन नाही, म्हणा. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू तेच आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजीही तेच, हे सांगितल्यावर भाच्याने मोबाईलवर खात्री करून घेतली. शिवाय यात लक्ष्याचा मुलगा अभिनयही आहे.

संवाद मालवणी. अर्धे मलाही जरा उशिरा कळत होते. भाचा दर पाच मिनिटांनी कोपर मारून विचारी: संकासूर म्हणजे कोण? मध्यांतरात सांगितलं: वेद पळवणारा राक्षस, पण दशावताराच्या पूर्वरंगात तो भटजीशी मालवणीत थट्टा करतो आणि लोक त्याच्यावरच सगळ्यात जास्त हसतात. रात्रभर चालणारा खेळ, संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात. ‘मतलब स्टँडअप?’ भाचा म्हणाला. बरं, चालेल.

त्या खेळाला आम्ही पंधरा माणसं होतो. पुढच्या आठवड्यात नाव वेळापत्रकातून गेलं. मॅनेजर भला माणूस होता, त्याने सरळ सांगितलं: शुक्रवार ते रविवार खुर्च्या किती भरल्या ते बघून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. ‘आपके लोग बुधवार को पूछने आते हैं, भिया.’ बाबांनी त्याला विचारलं, किती माणसं लागतील? 60 जणांनी आधी पैसे भरले तर शनिवारी संध्याकाळचा खेळ देतो, म्हणाला.

आमच्या मंडळात गणपतीच्या महाप्रसादाला 400 पानं उठतात. म्हणून बाबांनी एक वही केलीय. पुढचा मराठी चित्रपट लागला की पहिल्या शनिवारी संध्याकाळी येणाऱ्यांची नावं, पैसे आगाऊ. आतापर्यंत 34 झालीत, त्यात आजीचं पहिलं, कारण संध्याकाळी ऊन नसतं. भाच्याने स्वतःचं नाव स्वतः लिहिलंय, देवनागरीत, आडनावात एक काना जास्त. बाकीच्यांनी रविवारी मंडळाच्या वाचनालयात बाबांना गाठावं. सकाळी अकराच्या आत, त्यानंतर ते पोहे-जलेबीला जातात.